यंत्र सुरू होताना कोणाचे चालते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली, आणि धडधाकट चालणारे कितीतरी घरगुती संगणक एका दिवसात जुने ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा, असावा लागतो. तेलंगणातल्या मंचेरियलमध्ये सिंगरेनी कोळसा कंपनीच्या एखाद्या क्वार्टरमध्ये मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला सहाव्या पिढीचा आय-थ्री डेस्कटॉप या चाळणीतून खाली पडतो. त्याचा पंखा फिरतो आहे, स्क्रीन चांगली आहे, पण कागदोपत्री तो निकामी. नोंदणी करणाऱ्यांना आणखी एक वर्षाची मुदत जाहीर झाली खरी, तरी ती मुदतच. दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो: नवा घ्या. माझे म्हणणे असे की अशा यंत्रावर विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स बसवावे, आणि बटण दाबल्यावर काय सुरू व्हायचे ते घरच्या माणसाने ठरवावे. हे लिनक्सच्या भक्तीपोटी सांगत नाही. एकाच संगणकावर घरातल्या चार जणांची चार तऱ्हेची कामे चालतात, आणि त्या सगळ्यांना एकच प्रणाली पुरी पडेल हे गृहीतच मला कच्चे वाटते.

यासाठी बटण दाबल्यापासून पहिल्या काही सेकंदांत काय घडते ते नीट पाहिले पाहिजे. सर्वांत आधी विंडोज जागे होत नाही. जागे होते ते मदरबोर्डवरच्या चिपमधले छोटे सॉफ्टवेअर. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आताच्या यंत्रांत यूईएफआय. बायोसच्या काळात ते डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या तुकड्याकडे जाई. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांना, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीच्या नोंदीला आणि उरलेले २ खुणेला. एवढ्याशा जागेत दोन प्रणालींचे भांडण मिटवायचे म्हणजे कसरत होती, आणि 'लिनक्स टाकले नि विंडोज गेले' ही दहशत बरीचशी त्याच काळातली आहे. यूईएफआयमध्ये डिस्कवर एक छोटे स्वतंत्र पार्टिशन असते. विंडोजच्या मांडणीत ते अनेकदा १०० एमबीचे असते. त्यात मायक्रोसॉफ्टचे एक फोल्डर असते; उबुंटू हे लिनक्स टाकले की शेजारी उबुंटूचे फोल्डर येते. एक दुसऱ्याला पुसत नाही. कोणते आधी वाचायचे त्याचा क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत असतो, आणि तो आपल्याला बदलता येतो. डेलच्या यंत्रावर एफ-१२ आणि एचपीवर एफ-९ दाबून त्या वेळेपुरती निवडही करता येते. लिनक्स बसवल्यावर ग्रब नावाचा कार्यक्रम पडद्यावर यादी दाखवतो, काही सेकंद थांबतो आणि कोणी काही न दाबल्यास ठरलेली प्रणाली सुरू करतो. ठरलेली कोणती, थांबायचे किती, मागच्या वेळी निवडलेलीच पुन्हा उघडायची का, हे सगळे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिता येते. पार्श्वचित्र आणि रंगही बदलता येतात. हौस असेल तर जरूर बदला, पण त्याने यंत्र एका सेकंदानेही लवकर सुरू होत नाही. वेग हवा असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जाऊन आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची यादी छाटावी आणि जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी घ्यावी.

आता दुसऱ्या प्रणालीची गरज मंचेरियलच्या घरात नेमकी कुठे भासते? गोदावरीच्या उत्तर काठावरचे, काझीपेट–बल्लारशाह लोहमार्गावरचे हे गाव. वर गेले की चंद्रपूर, प्राणहितेपलीकडे सिरोंचा. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी घरांत मुले तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मोठी माणसे मराठी वाचतात. भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ घरगुती लॅपटॉपांवर मात्र विंडोजची 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती येते. टायपिंग कोणत्याही भाषेत करा, पण मेन्यू, सूचना, सेटिंग यांची भाषा एकच. दुसरी हवी तर वरच्या आवृत्तीचे पैसे मोजा. लिनक्सवर प्रत्येक खात्याची भाषा वेगळी ठेवता येते: आजोबांचे खाते मराठीत, नातीचे तेलुगूत. भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट कीबोर्ड-मांडणी दोन्हीकडे आहे, आणि त्यात 'के'च्या कळीवर मराठीत क तर तेलुगूत క, 'जे'च्या कळीवर र आणि ర, त्यामुळे एका लिपीत बसलेला हात दुसरीतही चालतो. मराठी भाषांतर मात्र सगळीकडे पुरे नाही. मधेच इंग्रजी डोकावते, आणि काही मराठी शब्द वाचून इंग्रजीच बरे वाटते. पण ते सुधारायला कोणालाही हात लावता येतो. हैदराबादच्या 'स्वेच्छा' गटाने २००५ मध्ये याच मोकळिकीवर तेलुगू प्रणाली उभी केली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: आमची कामे विंडोजवरच होतात. खरे आहे. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. लग्नपत्रिका छापणारा तेलुगूसाठी अनु फॉन्ट आणि पेजमेकर वापरतो, मराठीसाठी श्रीलिपी. वर्षानुवर्षांच्या फाइली त्याच साच्यात आहेत, आणि त्याला लिनक्सचे गुणगान ऐकवणे हा वेळेचा अपव्यय. काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअरही दुसरीकडे चालत नाहीत. पण म्हणूनच मी 'विंडोज काढा' म्हणत नाही, 'शेजारी ठेवा' म्हणतो. तामिळनाडू सरकारने २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांत विंडोजबरोबर सी-डॅकची बॉस लिनक्सही होती. सुरू करताना निवड मुलांची. केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकवतात. रायगड जिल्ह्यातल्या खैराट या पाड्यावर २००७ मध्ये मुलांच्या हाती आलेले हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉपही लिनक्सवरच चालत होते. मुलांना हे झेपणार नाही हा मुद्दा त्यामुळे टिकत नाही. मोठ्यांना झेपेल का, ही शंका जास्त रास्त आहे. पण ब्राउझर, व्हिडिओ, पत्रलेखन आणि बँकेचे संकेतस्थळ यापलीकडे न जाणाऱ्या माणसाला फरक फारसा जाणवत नाही. राहिली विंडोजच्या आत आभासी यंत्रात लिनक्स चालवण्याची सूचना. चार जीबी रॅममध्ये दोन्ही प्रणाली एकाच वेळी कण्हत राहतील, तर लिनक्स मिंट एकटे असेल तर तेवढ्या रॅममध्ये ठीक चालते.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने सिक्युअर बूटचे, म्हणजे सुरुवातीला कोणते सॉफ्टवेअर चालू द्यायचे याचे, नियम कडक केले आणि दुहेरी मांडणीच्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरूच होईना. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना हा बदल लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने आधी सांगितले होते, तरीही तो झाला, आणि कायमची दुरुस्ती यायला २०२५ उजाडले. विंडोजचे एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर, चालू असेल तर सुरुवातीच्या क्रमाला हात लावताच ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. नव्या लॅपटॉपांवर ते अनेकदा मालकाच्या नकळत चालू असते. म्हणून ती की आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि फोटो-कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून पाहावे: वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का. या पायरीवर डिस्कला धक्काही लागत नाही. पुढे विंडोजचे पार्टिशन लहान करायचे तर ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावे. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर हे काम वीज जाण्याच्या वेळी काढू नये. कोळशाच्या गावातही वीज जाते. माझी पसंती मात्र पार्टिशन कापण्यापेक्षा दुसऱ्या छोट्या एसएसडीला. लिनक्स बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवली की दोघांची सुरुवात पूर्ण अलग राहते, एकाचे बिघडले तरी दुसरे सुरू होते, आणि निवड एफ-१२ ने करता येते. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा नसली तर मात्र वाटणी आलीच.

बसवून झाल्यावर दोन खोड्या हमखास दिसतात. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर यंत्र बंद केल्यावरही विंडोज पूर्ण बंद झालेले नसते. ते अर्धे झोपलेले असते, आणि लिनक्सला त्या डिस्कवर वाचता येते पण लिहिता येत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ते बंद करावे. दुसरी खोडी घड्याळाची. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक वेळ, त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. मदरबोर्डचा सेल गेला असे समजून लोक तो बदलतात. मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायची असे लिनक्सला एका आज्ञेने सांगितले की प्रश्न मिटतो.

आणि नाहीच पटले तर? यूईएफआयच्या यंत्रावर क्रमात विंडोज वर आणायचे, ते नीट सुरू होते याची खात्री करायची, लिनक्सचे पार्टिशन पुसायचे आणि जागा विंडोजला परत जोडायची. छोट्या पार्टिशनमधले उबुंटूचे फोल्डर तसेच राहिले तरी काही बिघडत नाही. जुन्या बायोसच्या यंत्रावर मात्र क्रम चुकवून चालत नाही. आधी विंडोजच्या दुरुस्ती-पेनड्राइव्हने त्या ५१२ बाइटच्या तुकड्यातल्या सुरुवातीच्या सूचना पूर्ववत करायच्या आणि मगच लिनक्स पुसायचे, नाहीतर ग्रब आपल्या पुसलेल्या फाइली शोधत काळ्या पडद्यावर अडकतो.