भिंतीपलीकडचा समुद्र आणि भिगवणची पोरे

सप्ताहाचा काला झाला, मांडव उतरू लागला, की सात दिवस त्याखाली बसलेल्या माणसाला घरी करमत नाही. साप्ताहिकात वर्षभर चाललेल्या कादंबरीखालचा ‘क्रमशः’ हा शब्द ज्या आठवड्यात नाहीसा होतो आणि त्याच्या जागी ‘समाप्त’ येते, त्या आठवड्यात कित्येक घरांतल्या आमटीत मीठ पडायचे राहून जात असले पाहिजे. गोष्ट संपणे ही तशी साधी घटना. पण तिच्याबरोबर आपल्या आयुष्याचाही एक तुकडा संपतो. हे ज्याने एकदा अनुभवले आहे, त्याला आजची कॉलेजातली मुले एका जपानी चित्रमालिकेच्या शेवटावरून रात्र रात्र का भांडतात, ते समजायला जड जाऊ नये.

असले एक भांडण मी भिगवणात ऐकले. 2023 ची दिवाळी. भाऊबिजेला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. भिगवण म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, इंदापूर तालुक्यातले गाव. पुणेकरांना ते दोन कारणांनी ठाऊक असते: एक चिलापीचे कालवण, आणि दुसरे उजनीच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी. पक्षी अजून यायचे होते. मासळीचा प्रश्न सणामुळे निकालात निघाला होता. जेवणे झाली, ओवाळणीचे तबक आत गेले, आणि ओसरीवर चौघांची बैठक जमली.

भाची पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. भाचा बारावीत. शेजारची एक मुलगी बारामतीला विज्ञान शाखेत, रोज एस.टी.ने ये-जा करणारी. चौथा सर्वांत थोर. तीन वर्षे पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेची खुर्ची भाड्याने घेऊन राज्यसेवेची तयारी करणारा. त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत. साहेब अद्याप व्हायचे होते, हा त्यातला विनोद; आणि त्याला तो अलीकडे बोचू लागला होता, हे माझ्या लवकरच ध्यानात आले.

“मामा, तुम्ही बसा, पण मधे बोलू नका,” भाचीने बजावले. “शेवट तुम्हाला कळायचा नाही. आधीचं सगळं माहीत असावं लागतं.”

मी म्हटले, “मग आधीचे सांगा. भाऊबिजेची तेवढी ओवाळणी मलाही असू द्या.”

गोष्ट काय आहे

मालिकेचे जपानी नाव ‘शिंगेकी नो क्योजिन’. जगभर ती ‘अटॅक ऑन टायटन’ म्हणून ओळखली जाते. हाजिमे इसायामा नावाच्या तरुणाने 2009 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एका मासिकात ती चित्रकथा म्हणून सुरू केली. एप्रिल 2021 मध्ये ती संपली, तेव्हा तिचे 34 खंड झाले होते. चित्रमालिका 2013 च्या एप्रिलात सुरू झाली.

कथा अशी. पन्नास मीटर उंचीच्या तीन भिंतींच्या आत माणसे राहतात. बाहेर माणसे खाणारे राक्षस. शंभर वर्षे कोणी भिंतीबाहेर सुखरूप नांदलेले नाही. एक दिवस भिंत फुटते, आणि एरेन नावाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला राक्षस खातो. एरेन, मिकासा आणि आर्मिन हे तीन सवंगडी मग सैन्यात शिरतात. आर्मिनजवळ एक पुस्तक असते. त्यात लिहिलेले असते, की भिंतींपलीकडे खारट पाण्याचे एक अफाट तळे आहे. त्याला समुद्र म्हणतात. तो समुद्र पाहायचा, हे त्या मुलांचे स्वप्न.

“आणि दिसतो का?” मी न राहवून विचारले.

“दिसतो की,” बारामतीवाली म्हणाली. “पण पाण्यात उभं राहून एरेन विचारतो, पलीकडच्या सगळ्या शत्रूंना मारलं, तर आपण मोकळे होऊ का?”

ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही. समुद्रापर्यंत पोचायला त्या मुलांना मालिकेतली कित्येक वर्षे लागली होती. आणि पोचल्यावर कळले काय, तर जग आपल्या कल्पनेहून मोठे आहे आणि त्यातले बरेचसे आपल्यावर खार खाऊन आहे. गावातून पहिल्यांदा शहराच्या वसतिगृहात गेलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यांनी ही मालिका धरली ती 2020 च्या टाळेबंदीत. शाळा-कॉलेज मोबाइलवर भरू लागले म्हणून घरात नवा फोन आला. भाचीचे अभियांत्रिकीचे पहिले वर्ष माजघरातल्या एका कोपऱ्यात पार पडले. तास संपला की त्याच फोनवर बहीण-भाऊ राक्षस पाहात. जुने भाग त्यांनी झपाट्याने संपवले; मग आला ‘शेवटचा हंगाम’. हा शेवटचा हंगाम डिसेंबर 2020 मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये संपला! ‘शेवटचे दोनच शब्द’ म्हणून अर्धा तास बोलणारे वक्ते आपल्याकडेच असतात, असा माझा समज होता. पण त्या तीन वर्षांत भाची घरातून वसतिगृहात गेली, भाचा दहावी पार करून बारावीला आला, आणि साहेबांच्या दोन पूर्वपरीक्षा होऊन गेल्या.

रविवारची पहाट

अखेरचा भाग सुमारे दीड तासाचा. जपानच्या एन.एच.के. वाहिनीवर तो 4 नोव्हेंबरच्या मध्यरात्री लागला. आपल्याकडे तो पाहायला मिळाला रविवारी, 5 नोव्हेंबरच्या पहाटे. वसुबारस चार दिवसांवर आली होती. पुण्याच्या वसतिगृहात भाचीच्या खोलीत सहा मुली एका लॅपटॉपसमोर पांघरुणे घेऊन बसल्या. वर्गणी सहाजणींत वाटलेली. त्याच वेळी भिगवणला भाचा अंथरुणात फोन घेऊन जागा. आईने दार लोटून पाहिले, तो चिरंजीव रडताहेत! तिला वाटले, चाचणीचा निकाल लागला.

“कार्टून बघून रडत होता, दादा! बारावीचा मुलगा!” आतून बहिणीचा आवाज आला.

“आई, कार्टून नाही म्हणायचं,” भाचा म्हणाला.

मी बहिणीला मोगलीची आठवण करून दिली. 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागे, तेव्हा आमच्या आळीत चिटपाखरू दिसत नसे. ती मालिका मुळात जपानमध्ये बनलेली, हे तेव्हा किती जणांना ठाऊक होते? शेरखानाला हिंदीत आवाज आपल्या नाना पाटेकरांचा, त्यामुळे तो वाघ आम्हांला घरचाच वाटे. किपलिंगच्या मूळ कथेत मोगली शेवटी जंगल सोडून माणसांत जातो. बहिणीने हात पुसत पुसत ऐकले आणि ती उंबऱ्यावर बसली. म्हणजे बैठकीत आता आम्ही सहा.

भांडण

ज्यांना मालिका पाहायची आहे, त्यांनी पुढला परिच्छेद खुशाल गाळावा.

शेवटी एरेन भिंतींत गाडलेले असंख्य राक्षस जागे करतो आणि आपल्या लोकांच्या रक्षणासाठी बाकीचे जग तुडवायला निघतो. शंभरातली ऐंशी माणसे मरतात. त्याला अडवतात ते त्याचेच सवंगडी. आणि त्याला मारते ती त्याच्यावर जीव लावणारी मिकासा.

भाच्याचे म्हणणे, एरेनला दुसरा मार्गच नव्हता. बारामतीवाली कडाडली, “मार्ग नव्हता असं प्रत्येक खुनी म्हणतो!” भाचीचे म्हणणे, लेखकाने आपल्याला एरेनची बाजू घ्यायला सांगितलेलेच नाही, आपण त्याच्याबरोबर वाढलो म्हणून आपल्याला तो आपला वाटतो, आणि हाच तर धडा आहे. तिघेही हिरिरीने बोलत होते. कायदा, सूड, देश, मैत्री: वक्तृत्वस्पर्धेत जे विषय दिले की मुले मुखस्तंभ होतात, त्यांवर ही पोरे विनासायास अर्धा तास बोलली.

साहेब मात्र गप्प होते. शेवटी ते म्हणाले, “मला एरेनचं काही नाही. मला इसायामाचं वाटतं.”

त्यांनी सांगितले ते असे. चित्रकथा 2021 मध्ये संपली, तेव्हा जगभरचे पुष्कळ वाचक शेवटावर चिडले. पुढे लेखकाने बोलून दाखवले, की हा शेवट आपण फार आधी, तरुण वयात ठरवून ठेवला होता आणि नंतर त्यात अडकल्यासारखे झाले. 2022 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेळाव्यात तो चाहत्यांपुढे आला, तेव्हाही शेवटाबद्दलची रुखरुख त्याने लपवली नाही.

“दहावीला असताना मी वडलांना सांगितलं, मी उपजिल्हाधिकारी होणार,” साहेब म्हणाले. “पेढे वाटल्यासारखं सगळ्या गावाला कळलं. आता मला माझी गोष्ट दुसरीकडे न्यावीशी वाटते, पण शेवट तर आधीच छापून बसलोय.”

आतापर्यंत हसणारी मुले एकदम गंभीर झाली. माझ्या बहिणीने मान खाली घातली. त्याच्या वडिलांनी खोलीभाड्यापायी काय काय मोडले, ते तिला शेजारीण म्हणून ठाऊक होते. मीही काही बोललो नाही. असल्या वेळी वडीलधाऱ्यांच्या तोंडी येणारी ‘प्रयत्ने वाळूचे कण’ वगैरे वाक्ये न बोललेलीच बरी असतात.

उत्तर दिले ते भाचीने. “पण मालिकेत त्याने बदललंच की! एरेन आणि आर्मिन शेवटचं बोलतात, तो संवाद इसायामाने पुन्हा लिहून दिला. चित्रकथेत आर्मिन एरेनचे आभार मानतो, ते लोकांना टोचलं होतं. मालिकेत तो म्हणतो, पाप दोघांचं, नरकातही बरोबरच जाऊ. शेवट तोच राहिला, बोलणं बदललं. तूही घरी आधी बोल तरी.”

साहेबांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. भाचीने मग फोनवर एक चित्र दाखवले. इसायामाचे गाव ओयामा, जपानच्या हिता शहराजवळ, डोंगरांनी वेढलेले. तिथे एक धरण आहे. 2020 च्या नोव्हेंबरात त्या धरणापुढे तिन्ही सवंगड्यांचे ब्राँझचे पुतळे बसवले. ती मुले मान वर करून धरणाच्या उंच भिंतीकडे पाहताहेत. डोंगरांच्या कोंडीत वाढलेल्या मुलाला पलीकडचे जग पाहावेसे वाटले, आणि त्यातून ही कथा सुचली.

धरणाची भिंत म्हटल्यावर भिगवणच्या माणसाला वेगळे सांगायला नको. उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले. उंची सुमारे 56 मीटर, म्हणजे एरेनच्या भिंतीहून थोडी अधिकच. तिच्यामागे 117 टी.एम.सी. पाणी साठते. त्या पाण्याखाली गावे गेली, मळे गेले. पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार ओसरले म्हणजेच डोके वर काढते. इथल्या आजोबांची गोष्ट भिंतीने संपवली आणि तिथूनच नातवंडांची सुरू झाली: मासळी आली, ऊस आला, पक्षी आले. शेवट वाटतो तो पुष्कळदा कुणाचा तरी पहिला अध्याय असतो.

ऐकणाऱ्यांसाठी

साहेबांनी पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा सोडली. घरी तीन दिवस अबोला होता, असे कळले. आज ते मासळीच्या एका व्यापाऱ्याचे हिशेब पाहतात आणि संध्याकाळी गावातल्या परीक्षार्थींना गणित शिकवतात. हे चांगले झाले की वाईट, हे मला ठरवता येत नाही. पण ते घरच्यांशी बोलून झाले, एवढे खरे.

या चित्रपटांचा नाद आता काही चार पोरांपुरता राहिलेला नाही. 2019 च्या ऑक्टोबरात माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात लागला, तो पन्नास हजारांहून अधिक चाहत्यांनी अर्ज केला म्हणून. 2025 च्या सप्टेंबरात ‘डीमन स्लेयर’चा चित्रपट आला, तो जपानीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीतही. या यादीत मराठी नाही, याची खंत मुलांपेक्षा आपण करायची.

तेव्हा यंदाच्या फराळाच्या वेळी घरातली मुले असल्या एखाद्या शेवटावरून हातघाईवर आली, तर चकलीचे ताट घेऊन जवळ बसावे. ‘अभ्यास झाला का’ हा प्रश्न तासभर खिशात ठेवावा. एरेनने काय करायला हवे होते, एवढेच विचारावे. मुले एरेनबद्दल बोलू लागतील. आणि थोड्या वेळाने, आपण मधे तोंड घातले नाही तर, स्वतःबद्दल.