जुन्या बंदुकीचे छायाचित्र

संग्रहातील जुने शस्त्र चोरीस गेले, तर त्याच्या ओळखीचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्याचे स्पष्ट छायाचित्र होय. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑब्जेक्ट आयडी’ या आंतरराष्ट्रीय मानकातही वस्तूची नोंद करताना पहिली सूचना छायाचित्रे घेण्याचीच आहे. याकरिता महागड्या साधनांची आवश्यकता नसते. खिडकीचा प्रकाश, पांढरे कापड, थोडा पुठ्ठा आणि स्थिर ठेवता येईल असा साधा कॅमेरा एवढ्यावर हे काम घरच्या घरी साधते.

मोगल काळापासून उत्तर भारतात प्रचारात असलेली तोड्याची बंदूक येथे उदाहरणादाखल घेता येईल. ती पुष्कळदा दीड मीटर किंवा त्याहूनही लांब असते. प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, कारण ठासणीच्या बंदुकीत जुनी दारू कित्येक वर्षे तशीच राहिलेली असू शकते. नळीचे तोंड स्वतःपासून व इतरांपासून दूर ठेवून आत लाकडी काठी हळूच सरकवावी व तोंडापाशी तिच्यावर खूण करावी. मग ती काठी नळीवर बाहेरून धरून पाहावी. बत्तीच्या छिद्रापर्यंत ती पोहोचत नसेल, तर आत काहीतरी अडकले आहे असे समजावे आणि जाणकाराच्या हवाली केल्यावाचून पुढे जाऊ नये.

घामातील क्षारांमुळे पोलाद गंजते, म्हणून हातमोजे घालावेत. चकाकी आणण्यासाठी नळी घासू नये. तिच्यावरील जुनी छटा हाही इतिहासाचाच भाग असतो. घडी केलेल्या कांबळ्यावर करड्या रंगाचे कापड अंथरून त्यावर बंदूक ठेवावी. निव्वळ काळ्या पार्श्वभूमीवर काळसर नळीच्या कडा हरवतात, तर शुभ्र पार्श्वभूमीमुळे कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसून शस्त्र अधिकच काळे दिसते.

घासून गुळगुळीत केलेले पोलाद आरशासारखे वागते. त्यावर दिसते ते वस्तुतः समोरच्या खोलीचे प्रतिबिंब असते. म्हणून त्याच्यासमोर काय यावे, हे ठरविणे हेच छायाचित्रकाराचे खरे काम. खिडकीवर पांढरे मलमल ताणून बांधल्यास तिचा प्रकाश मृदू होतो व नळीवर एक सलग, शांत उजळ पट्टा उमटतो. विरुद्ध बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला असता सावलीतील तपशील उघड होतो.

दिवा वापरावयाचा असल्यास अंतराकडे लक्ष द्यावे. दीड मीटर लांबीच्या बंदुकीच्या दस्त्याच्या बाजूस, तिच्याच रेषेत, अर्ध्या मीटरवर दिवा ठेवला, तर दस्त्यावर नळीच्या तोंडापेक्षा सोळापट प्रकाश पडतो. तोच दिवा दोन मीटर दूर नेल्यास हा फरक सुमारे तिपटीवर येतो. कॅमेराही दूर ठेवावा. जवळून घेतलेल्या चित्रात लांब वस्तूचे प्रमाण बिघडते.

कोफ्तगरीसाठी मात्र प्रकाश तिरपा हवा. या कामात पोलादावर आधी बारीक आडव्यातिडव्या रेघा कोरतात व त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवितात. सोने जेथे झिजले असेल, तेथे त्या रेघा तिरप्या प्रकाशात उठून दिसतात. अशी झीज, एखादी चीर, शस्त्रागाराचा क्रमांक वा कोरलेला लेख या खुणा दुसऱ्या बंदुकीवर जशाच्या तशा सापडत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंची संपूर्ण चित्रे घेतल्यावर अशा प्रत्येक खुणेचे, शेजारी मोजपट्टी ठेवून, स्वतंत्र चित्र घ्यावे.

ही चित्रे लांबी, धातू, लेख व तारीख यांच्या नोंदीसह शस्त्रापासून वेगळ्या जागी जपून ठेवावीत. शस्त्र आणि त्याची ओळख एकाच पेटीत ठेवली, तर दोन्ही एकाच वेळी नाहीशी होण्याचा संभव असतो.