पाड्यावरच्या पोरांच्या मनाचे काय?

बाप कधी उन्मादात, कधी अंथरुणाला खिळलेला. आता पोरगाही रात्र रात्र जागतो, चिडतो, मग गप्प होतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अशा घराची पहिली धाव भगताकडे असते. सरकारी मनोरुग्णालय ठाण्याला, शंभर किलोमीटरवर!

ही बाहेरची बाधा नव्हे. द्विध्रुवी विकाराची पूर्वसूचना असू शकते. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा जोखमीच्या मुलांना कुटुंबासह चार महिन्यांत बारा बैठका दिल्या. आजार समजून घेणे, घरात नीट बोलणे, अडचण मिळून सोडवणे, एवढेच त्यात होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची लक्षणे उतरली त्यांच्या मेंदूतील भावनांना आवर घालणाऱ्या पुढच्या भागाचे काम वाढलेले दिसले. अभ्यास लहान आहे. गरज तिथे औषध हवेच. पण आपुलकीच्या बोलण्याचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यातून दिसते.

मग हा उपचार शहरातल्या पैसेवाल्यांपुरताच का? त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. वारली बोलणारी प्रशिक्षित माणसे लागतात. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. म्हणून बैठका पावसाळ्याच्या चार महिन्यांत, आश्रमशाळेच्या सुटीच्या दिवशी, पाड्यावरच घ्या.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला आहे. हक्क भीक म्हणून मागायचा नसतो, ही बाबासाहेबांची शिकवण. तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक पाड्यापाड्यावर पोहोचवणे, हे आम्हा कार्यकर्त्यांचे काम आहे.