सगळ्यांचेच ताट बदलले

फिनलंडच्या नॉर्थ कॅरेलिया प्रांतात 1970च्या सुमारास कमावत्या वयातले पुरुष हार्ट अटॅकने पटापट जात होते. तिथल्या लोकांनी 1971 साली सरकारकडे अर्ज केला, आम्हाला मदत करा. 1972 मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या पुढाकाराने काम सुरू झाले.

फक्त जास्त आजारी माणसे शोधून भागणार नव्हते. खूप बीपी असलेले थोडे असतात. थोडे वाढलेले बीपी, थोडे वाढलेले कोलेस्टेरॉल मात्र घरोघरी. मृत्यूंचा मोठा आकडा या घरांतूनच येतो. म्हणून सगळ्यांचेच ताट बदलायचे ठरले. तो दूधदुभत्याचा मुलूख, पावावर लोण्याचा जाड थर ठरलेला. लोणी कमी करा म्हणणे सोपे नव्हते! मार्था या महिला संघटनेने गावोगाव बायका जमवल्या, नेहमीचेच पदार्थ कमी चरबीत, जास्त भाजी घालून करून खाऊ घातले. बीपी तपासायला नर्स होत्या, हे मी मुद्दाम सांगते. अनेक पुरुषांनी सिगारेट सोडली, जेवणातले मीठ उतरले. पस्तीसेक वर्षांत कमावत्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. औषधोपचारांचा वाटा त्यात आहे, पण मोठा वाटा या बदलांचा.

आपल्या वस्तीत लोण्याचा थर कुठला? आपल्याकडे मीठ, तंबाखू आणि मिश्री. मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे लहान चमचाभरही नाही. लोणचे, पापड, फरसाण त्यातच धरून. बीपीवाल्या सासूबाईंची भाजी वेगळी काढू नका. त्यांची गोळी चालू ठेवा आणि सगळ्यांच्याच पातेल्यात दर आठवड्याला चिमूटभर मीठ कमी टाका.