फळीवरील शंटिंग

मालगाडीच्या वाघिणी हव्या त्या क्रमाने जुळविणे म्हणजे शंटिंग होय. इंग्लंडमधील अ‍ॅलन राइट यांनी हे काम काखेत मावेल अशा फळीवर आणले. या खेळाचे नाव ‘इंगलनुक सायडिंग्ज’. दोन सांधे बसवून रुळांचे तीन फाटे काढावे. लांबी वाघिणीच्या मापाने ठरवावी : एका फाट्यावर पाच, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन आणि सांध्यापलीकडील रुळावर इंजिनासह तीनच वाघिणी मावाव्या. वाघिणी एकूण आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडावयाच्या आणि त्याच क्रमाने लांब फाट्यावर उभ्या करावयाच्या. असे क्रम ६,७२० होतात! हवी असलेली वाघीण नेमकी इतरांमागे अडकते. रूळ थोडे वाढविण्याचा मोह तेव्हा होतोच. पण वाढविले की कोडेच नाहीसे होते.