निवळी

पहाटे पावणेपाच. मोटारीचं बटण दाबण्याआधी मी बॅटरीचा झोत भोवतालच्या उसावरून दोनदा फिरवतो आणि मोठ्यानं खाकरतो. बिबट्याला खाकरलेलं काय कळतंय, असं घरची म्हणते. पण शिरूर तालुक्यात भीमाकाठच्या उसात तो आता पाहुणा नाही, रहिवासी आहे. आल्याची वर्दी दिलेली बरी. मी वडगाव रासाईचा जलसुरक्षक. कागदावर जलसुरक्षक, गावाला पाणीवाला.

साडेपाच. टाकी भरत आली की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे पन्नास हजारांच्या टाकीला पाव किलो. पावडर थेट टाकीत झोकून मोकळं व्हायचा मोह होतो, पण ते काम नव्हे. आधी बादलीत थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवायची, गुठळ्या मोडायच्या, मग बादली भरायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही. चुना तळाला बसतो, वर राहते ती निवळी. तेवढीच टाकीत सोडायची. या अर्ध्या तासात नाकाला रुमाल बांधून मी पायरीवर बसतो. डोळे चुरचुरतात. दिवसभरात मला एवढीच काय ती उसंत.

सात वाजता पहिली चावी. मग शेवटच्या नळावर ओटी टेस्ट. काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब. लिंबाच्या सरबताइतका पिवळा रंग आला की जीव भांड्यात. शेवटच्या नळाला निदान ०.२ क्लोरिन हवं.

"आज चहाला औषधाचा वास मारतोय रे," एक मावशी दारातूनच.

"मावशी, वास येतोय तोवर निर्धास्त राहा. नाही आला की मला हाक मारा."

अकराला आरोग्यसेवक आले. एप्रिल आणि ऑक्टोबर, वर्षातून दोनदा पाण्याच्या ठिकाणांची पाहणी होते आणि त्यावरून गावाला कार्ड मिळतं: हिरवं, पिवळं नाहीतर लाल. पाच वर्षं हिरवं टिकलं, साथ आली नाही, तर चंदेरी. गळती, गटार, टाकीचं झाकण, सगळं पाहतात. एका चावीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. पुरवठा बंद झाला की हेच घाण पाणी पाईपात ओढलं जातं. त्यांनी काही लिहिण्याआधी मी डबा घेऊन उपसायला बसलो. त्यांनी लिहिलं ते लिहिलंच.

दोननंतर नदीवर चक्कर. त्याचं मला कुणी सांगितलेलं नाही, सवय आहे. पाऊस सरला की भीमेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे बसायला लागतात. ढापे बसले की पाणी थोपतं, आणि थोपलं की त्यात काय काय आहे ते दिसतं. वर रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते, म्हणजे पुण्या-पिंपरीनं वापरून सोडलेलं पाणी आमच्या दाराशी. मग जलपर्णी, मग वास. ऊस याच पाण्यावर वाढतो, त्यामुळे नदीला शिव्या देताना जीभ जरा आवरती घ्यावी लागते.

हीच नदी आमची हद्द. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. आम्ही खासदार निवडतो शिरूरचा, पलीकडचे बारामतीचा. सरकारी कामाला आम्ही घोडनदीला जायचं (शिरूरला इकडं अजून घोडनदीच म्हणतात), आणि रेल्वे धरायची तर नदी ओलांडून केडगाव नाहीतर दौंड. सोयरीक दोन्ही काठांना.

चारला पावतीपुस्तक घेऊन पाणीपट्टी. या तासाबद्दल काय सांगावं! सकाळी ज्यांना मी देवमाणूस असतो, त्यांची दारं आता लोटलेली. "कांदा विकला की देतो." कोणता कांदा, कोणत्या साली, ते विचारायचं नाही.

रात्री आठला भाच्याचा फोन. तो आयर्लंडमध्ये, विकलो नावाच्या काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच की, म्हटलं, तर सगळी मिळून वस्ती दीड लाखाच्या आसपास. आमचा एक तालुका त्याच्या दुपटीहून मोठा. एका अंगाला समुद्र, मागं डोंगर. तिथल्या वार्ट्री धरणाचं पाणी १८६० च्या दशकापासून डब्लिनला जातं. त्याचा जिल्हा राजधानीला चांगलं पाणी देतो. आम्ही शहराचं वापरलेलं घेतो. आणि पाणीपट्टी? तिथल्या सरकारनं २०१५ च्या सुमाराला घरोघर लावली, लोक रस्त्यावर उतरले, २०१६ ला थांबवावी लागली. भरलेले पैसेसुद्धा परत दिले.

हे मी गावात कुणाला सांगणार नाही.

दहा. आठवड्याच्या पाळीत आज थ्री फेज रात्रीची, म्हणून आता घरच्या उसाला पाणी. पोरगा म्हणाला, मी येतो सोबत. नको म्हटलं. तरी तो डबा वाजवत मागं आलाच.