साडेअठरा हजारांचं भोर आणि वीस लाखांची पेशी

२०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यातल्या भोर शहराची लोकसंख्या साडेअठरा हजारांच्या आसपास होती. स्तनातल्या एका निरोगी पेशीवर ‘हर-टू’ नावाची प्रथिनं साधारण तेवढीच असतात, सुमारे २०,०००. पेशी केवढी, तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. काही कर्करोगांत हाच आकडा २० लाखांपर्यंत जातो. २०११ मध्ये भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके मिळून अडीच लाख माणसंही भरत नव्हती. त्यांच्या आठपट गर्दी एका पेशीच्या पृष्ठभागावर!

हर-टूचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा त्याच्या दोन प्रती. कधीकधी डीएनएचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा उतरवला जातो आणि दोनाच्या पंचवीस-पन्नास प्रती होतात. जनुक बहुतेक वेळा धडधाकटच असतं. घात करते ती त्याची संख्या. हर-टू जोडीनं काम करतं. एरवी बाहेरून इशारा आला की शेजारचं प्रथिन त्याच्याशी जोडी जमवतं आणि वाढीचा निरोप आत जातो. दाटी झाली की इशाऱ्याविनाच जोड्या जमतात आणि निरोप थांबतच नाही.

मग पेशींच्या दुपटीचा हिशोब सुरू होतो. २० दुपटींत दहा लाख पेशी, वजन जेमतेम १ मिलिग्रॅम. ३० दुपटींत शंभर कोटींवर, म्हणजे सेंटिमीटरभराची, १ ग्रॅमची गाठ. आणखी दहा दुपटी झाल्या तर किलोभर. प्रत्यक्षात कितीतरी पेशी मधेच मरतात, म्हणून याला वर्षं लागतात. पण गाठ हाताला लागते, तेव्हा तिच्या बहुतेक दुपटी होऊन गेलेल्या असतात.

जास्त प्रती असलेल्या गाठी लवकर उलटतात, हे कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये दाखवलं. ज्या गर्दीनं आजार वाढतो, तिच्यावरच नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २००५ च्या मोठ्या चाचण्यांत केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

स्तनाच्या कर्करोगात दर पाच-सहा रुग्णांमागे एकीची गाठ या प्रकारची असते. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये हर-टूची ओळ शोधाच. ३+ म्हणजे गर्दी पक्की. २+ असेल तर जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. औषध कोणतं द्यायचं, ते त्या आकड्यावर ठरतं.